पावणो कधी जातलो?

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या सांगता सभेत, मस्कत येथे नोकरीस असलेल्या आपल्या एका ग्रामस्थाने केलेले भाषण. ओघात आलेले मालवणी बोलणे तसेच ठेवले आहे. — संपादक मंडळ)



भाषण करणे हा माझा पिंड नाही. माझा पिंड थंड हवेची यंत्रे दुरुस्त करण्याचा. पंचवीसहून अधिक वर्षे मी मस्कतमध्ये तेच करतो आहे. कमिटीचे चिटणीस म्हणाले, ‘‘परदेशातल्या देणगीदारांच्या वतीने तुम्ही दोन शब्द बोला.’’ मी म्हटले, देणगीदारांची यादी भिंतीवर लागलीच आहे, तिच्यापुढे मी वेगळे काय बोलणार? तेव्हा ते म्हणाले, ‘‘मग मुलांना घेऊन गावाला येता, त्याविषयी बोला. पुष्कळांची मुले आता बाहेर आहेत, त्यांना उपयोग होईल.’’ उपयोग होईल की नाही ते देव जाणे. मी आपला एका सुट्टीची हकीकत सांगतो.

ही सुट्टी २०१६ सालची. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, मुलगा चार वर्षांचा. त्याआधी मुलगी दोनदा आली होती, पण तान्ही असताना. मुलगा एकदाच, तोही सौ.च्या माहेरी साताऱ्याला जास्त आणि इथे चार दिवस. म्हणजे कळत्या वयात दोघांनी गाव पाहिले ते त्या वर्षी पहिल्यांदा.

आपल्या मुंबईकरांना एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्या मुलांना मे महिन्याची सुट्टी असते. आंबे, फणस, करवंदे, काजूची बोंडे, सगळे तुमच्या वाट्याला येते. आखातातल्या आपल्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मोठी सुट्टी मिळते ती ऐन उन्हाळ्यात. तिकडचा ऐन उन्हाळा म्हणजे आपला जून-जुलै. त्यामुळे आमची मुले गावी येतात तेव्हा आंबा संपलेला, शिमगा होऊन गेलेला, गणपतीला अजून अवकाश आणि आकाश फाटलेले. शिवाय सगळ्या शाळांना एकदम सुट्टी म्हणून विमानाची तिकिटे त्याच दिवसांत सगळ्यात महाग. चार तिकिटांत इथे एक चांगले मांगर बांधून होईल. हे रडगाणे नव्हे, हिशेब सांगतो, कारण ‘दरवर्षी का येत नाय?’ असे विचारणाऱ्याला तो माहीत असावा.

येताना प्रत्येकी तीस किलो सामान. त्यात आमचे कपडे किती? बाकी सगळे दुधाच्या पावडरीचे डबे, खजूर, बदाम, अंगाला लावायचे बाम, सेंट आणि साबण. वाडीतल्या प्रत्येक घरी काहीतरी गेले पाहिजे. माझ्या वडिलांच्या वेळी मुंबईचा माणूस टॉर्च, छत्री आणि हलवा आणीत असे. वस्तू बदलल्या, पण ट्रंक उघडताना भोवती जमणारी मंडळी तीच आहेत.

मुंबईला रात्री उतरलो आणि सकाळची मांडवी गाडी धरली. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, मी मस्कतला गेलो तेही त्याच साली, त्यामुळे मी नेहमी म्हणतो की गाडी आली आणि मी गेलो. पावसाळी वेळापत्रक लागले होते. गाडी सावकाश चालली होती, आणि तेच बरे झाले. मुलांनी खिडकी सोडली नाही. मस्कतला वर्षभरात सारा मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर. तिकडे डोंगर आहेत, पण ते भाजलेल्या विटेसारखे, त्यांच्यावर गवताची काडी दिसायची नाही. इथे एकेका बोगद्यातून बाहेर पडले की हिरवा डोंगर आणि त्याच्या अंगावरून धावणारे पाणी. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागला, साडेसहा किलोमीटरचा. मुलगा घाबरून आईच्या पदरात शिरला. बाहेर आल्यावर मुलीने विचारले, ‘‘बाबा, इतका पाऊस पडतो आहे, मग इथल्या मुलांना शाळेला सुट्टी का नाही?’’ डब्यातले सगळे हसले. पण तिचे चुकले नव्हते. तिकडे जोराचा पाऊस झाला की वाद्यांना, म्हणजे कोरड्या ओढ्यांना, पूर येतो, रस्ते बंद होतात आणि सरकार शाळा बंद ठेवते. माझ्या मुलांच्या दृष्टीने पाऊस म्हणजे सुट्टी. समोर इरले पांघरून दप्तर घेऊन जाणारी मुले बघून तिला त्यांची कीव आली.

कुडाळला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रिक्षाने घरी येईपर्यंत पुरता काळोख. आणि आपल्या रिवाजाप्रमाणे वीज गेलेली. आई कंदील घेऊन ओटीवर उभी. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले आणि मुलाला घ्यायला हात पुढे केले. तो अशा जोराने किंचाळला की शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकू लागली. कंदिलाच्या उजेडात पांढरे केस, तोंडात दोनच दात आणि पुढे आलेले ओले हात. चार वर्षांच्या पोराला काय वाटणार? आई हात मागे घेऊन म्हणाली, ‘‘रवांदे. पोरग्याक घाय करू नको. आपसुक येतलो.’’

पहिले आठ दिवस आपसुक काही आला नाही. दूध प्यायचा नाही, कारण ते डब्यातले नव्हते आणि त्यावर साय होती. बेडकाला भ्यायचा, पालीला भ्यायचा, विहिरीकडे तर फिरकायचा नाही. संडास घरामागे वीस पावलांवर. घराला लागून नवा संडास बांधावा म्हणून मी दोन वर्षांपूर्वी पैसे पाठवले होते. तो बांधला होता, फरशीसुद्धा बसवली होती. आईने त्यात नारळ भरून ठेवले होते. ‘‘घराक लागान कसलो संडास?’’ असे तिचे म्हणणे. शेवटी सौ.ने नारळ पडवीत हलवले तेव्हा मुलांची सोय झाली. सासू-सुनेत दोन दिवस अबोला होता, तो मी फार लांबवून सांगत नाही.

मुलीची अडचण वेगळी. ती आजीशी बोलायला उत्सुक होती, पण आजी काय बोलते ते तिला कळेना. आमच्या घरात सौ.मुळे साताऱ्याकडची मराठी, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, खाली दुकानात अरबी आणि मल्याळी कानावर पडणारी. मालवणी मी फक्त दर शुक्रवारी फोनवर बोलत असे. शुक्रवार आमचा सुट्टीचा. तिकडचे घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून मी माझ्या सकाळी साडेआठला फोन करी तेव्हा आई दहाची पेज घेऊन बसलेली असे. मुलीला वाटे, बाबांची ही फोनवर बोलायची वेगळी भाषा आहे. आल्यावर दुसऱ्या दिवशी आईने तिला विचारले, ‘‘खंय चललंस गो चेडवा?’’ तिने माझ्याकडे बघितले आणि हळूच विचारले, ‘‘बाबा, आजी कुठल्या देशाची?’’

मी ते हसण्यावारी नेले. आतून मात्र लागले. पैसे पाठवायला मी कधी चुकलो नव्हतो. कौले बदलली, पंप बसवला, गॅस घेतला, देवळाच्या पावतीपुस्तकात दरवर्षी नाव लागले. पावतीपुस्तकावरून आठवले. त्या सुट्टीत माझ्याकडे एकूण पाच पावतीपुस्तके आली. मस्कतहून माणूस आला की गावाला कळायला रेडिओ लागत नाही. कमिटीने रागावू नये, मी पाचही फाडली. सांगायचे ते हे की, माझ्या समजुतीप्रमाणे माझ्याकडून गावाचे काही बाकी राहिले नव्हते. आणि माझ्या मुलीला आजीचा देश माहीत नव्हता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आठव्या की नवव्या दिवशीची रात्र. पाऊस असा की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येऊ नये. पुन्हा वीज गेलेली. आम्ही माजघरात जेवत होतो. आई कुळथाची पिठी वाढत होती. मुलाने हातातला भात खाली टाकला आणि रडवेला होऊन मोठ्याने विचारले, ‘‘पप्पा, आपण घरी कधी जायचे?’’

आईचा हात तसाच राहिला. मी त्याला म्हटले, ‘‘अरे, हेच आपले घर.’’ तो म्हणाला, ‘‘हे आजीचे घर. आपले घर कधी?’’ मी रागावलो. मी त्याच्यावर हात उगारला, हे या सभेत कबूल करतो. आईने माझा हात धरला. नंतर मुले निजल्यावर मी ओटीवर बसलो होतो, तेव्हा ती सुपारी कातरीत येऊन बसली आणि तिने मला एक गोष्ट सांगितली. बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत ती मला कोणी सांगितली नव्हती.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते, हे इथल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. परळला गाववाल्यांच्या खोलीत पंधरा-वीस जणांत त्यांचा एक वळकटीचा कोपरा. लग्न झाले त्या काळात ते बोटीने मालवणला उतरत आणि पुढे पायी येत. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून गणपतीला यायचे तर एस.टी.शिवाय गत्यंतर नसे. वर्षातून दोनदा येणे व्हायचे, कधी एकदाच. माझा जन्म १९७४ चा. मी पाच वर्षांचा होईपर्यंत वडिलांना किती दिवस पाहिले असेन? जास्तीत जास्त दोन-तीन महिने, तेही तुकड्या-तुकड्यांनी.

आई म्हणाली, ‘‘तुका आठवणा नाय. तू बापाशीक पावणो म्हणी होतंस.’’

१९७९ सालच्या गणपतीत वडील रात्रभर एस.टी.त उभे राहून आले. मी भाताच्या कणगीमागे जाऊन लपलो. त्यांनी आणलेला हलवा घ्यायला बाहेर आलो आणि परत आत पळालो. तिसऱ्या दिवशी ते ओटीवर विडी ओढत बसले होते आणि मी आतून आईला ओरडून विचारले, ‘‘आये, ह्यो पावणो कधी जातलो?’’ सारवलेल्या भिंतीतून शब्द आरपार जातो. वडिलांनी ऐकले. आई म्हणाली, ते काही बोलले नाहीत, विडी विझवली आणि उठून परसात गेले. अळवाच्या पाठीमागे बराच वेळ उभे होते. संध्याकाळी मला खांद्यावर घेऊन देवळात गेले, मी रडत होतो तरी. दहा दिवसांनी निघाले तेव्हा मी त्यांच्या मागे एस.टी.च्या फाट्यापर्यंत धावत गेलो होतो म्हणे. पुढच्या वर्षी परत कणगीमागे.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. वडील काही महिने मुंबईत थांबले आणि मग गावाला आले ते कायमचे. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पुढची वीस-एकवीस वर्षे त्यांनी शेती केली, २००३ साली गेले. बाप म्हणून मला ते मिळाले ते त्या संपामुळे. गिरणगावातल्या हजारो घरांचा त्या संपाने सत्यानाश केला, हे मी जाणतो, तेव्हा माझे हे वाक्य कोणी वाकडे घेऊ नये. आमच्या घरात जे झाले तेवढेच सांगितले.

मी आईला विचारले, ‘‘हे मला कधीच का सांगितले नाही?’’ ती म्हणाली, ‘‘त्येंनी सांगलेला, पोराक सांगा नको म्हणान.’’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘तुझो झील माझ्यार रडलो म्हणान तू इतको कित्याक कावतंस? मिया ह्या सगळा एकदा बघितलंय.’’

दुसऱ्या दिवसापासून मी मुलांच्या मध्ये पडायचे सोडून दिले. आजीने काय युक्ती केली म्हणाल, तर काहीच नाही. ती आपली कामे करीत राहिली आणि मुलाला दिसेल अशा जागी बसून करीत राहिली. तरवा काढायला गेली तेव्हा मुलीला इरले दिले. मुलगी चिखलात मांडीपर्यंत रुतली आणि पहिल्यांदा मनापासून हसली. लावणीच्या बायकांनी तिला तरव्याची मूठ कशी धरायची ते दाखवले. तिने लावलेली ओळ इतकी वाकडी होती की ती तशीच ठेवली, मस्कतकरणीची ओळ म्हणून. मुलगा बांधावर छत्री घेऊन बसायचा. एके दिवशी बांधाच्या बिळातून आजीने कुर्ली काढली. त्याचे भय आणि कुतूहल यांची मारामारी झाली आणि कुतूहल जिंकले. त्या दिवसापासून तो आजीच्या पदराला धरून. ‘कुर्ली खंय?’ हे त्याचे पहिले मालवणी वाक्य. मुलगी शब्द विचारून विचारून शिकली, वहीत लिहून ठेवायची. त्याने काहीच विचारले नाही. पंधरा दिवसांत तो भांडायला लागला तोच मालवणीत.

त्याच सुमाराला आम्ही देवळात गाऱ्हाणे घालायला आलो. जुने देऊळ होते ते, गळणाऱ्या कौलांचे. सभामंडपात तीन ठिकाणी बालद्या ठेवलेल्या. मानकऱ्यांनी नारळ ठेवून परदेशात राहणाऱ्या लेकरांच्या रखवालीचे गाऱ्हाणे घातले आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. मुलाला तो प्रकार फारच आवडला. पुढे मस्कतला गेल्यावर चार महिने घरात कोणी काही सांगितले की हा ‘व्हय म्हाराजा’ ओरडायचा. शाळेत बाईंनी हजेरी घेतली तेव्हाही ओरडला. त्यांनी आम्हाला बोलावून विचारले, हा काय म्हणतो? आता केरळच्या बाईंना गाऱ्हाणे कसे समजावून सांगायचे? मी सांगितले, आमच्याकडे ‘हजर’ असे म्हणायची ही पद्धत आहे.

निघायच्या आधी चार दिवस आईने अनारशांचा घाट घातला. तीन दिवस तांदूळ भिजत घालून, रोज पाणी बदलून, पावसात ते वाळवायला चुलीवर उतरंड करून. सत्तरी ओलांडलेली बाई. डबाभर अनारसे झाले, वर खसखस. सौ.ने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. आखाती देशांत खसखस नेता येत नाही. तिकडच्या कायद्याने ती अफूच्या मालात मोडते, आणि सामानात सापडली तर माणूस थेट तुरुंगात. आईला हे पटेना. ‘‘खसखशीन कोण मेलो?’’ म्हणाली. दुसरा डबा सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांचा. तेही विमानात सामानात घेत नाहीत, तेल असल्यामुळे पेट घेईल म्हणून. म्हणजे आईने दिलेल्या दोन डब्यांपैकी एक कायद्याने बंद आणि दुसरा विमानवाल्यांनी बंद. जे परगावी मुलांना काही बांधून देतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे: कोकम, फणसपोळी, कुळथाचे पीठ, काजूगर खुशाल द्यावेत. खसखस आणि सुके खोबरे नको.

आई चुलीपुढे पाठ करून बसली. तिला वाटले, सुनेला नको आहेत म्हणून कायदा काढला. अखेर मुलीने तोड काढली. म्हणाली, ‘‘आजी, इथेच खाऊ सगळे.’’ मग ते अनारसे आम्ही वाडीत वाटले, गाडीत डब्यातल्या लोकांना दिले, मुंबईच्या विमानतळाबाहेर उभे राहून उरलेले खाल्ले आणि डबा पुसून, झटकून, एक दाणा नाही अशी खात्री करून आत गेलो. मुलाने दरवाजातल्या शिपायालाही एक देऊ केला होता.

निघताना कुडाळच्या स्टेशनवर मुलगा आजीच्या कमरेला मिठी मारून बसला. त्याला सोडवताना माझी आणि सौ.ची पुरेवाट झाली. गाडी सुटल्यावर बराच वेळ तो खिडकीकडे तोंड करून होता. मग त्याने विचारले, ‘‘पप्पा, आपण घरी परत कधी यायचे?’’ कुठल्या घराविषयी विचारतो ते मी त्याला विचारले नाही.

त्यानंतर २०१७, २०१८, २०१९ अशी तीन वर्षे ओळीने आलो. तिकिटाचे पैसे कुठून काढले ते सौ.ला माहीत. तिची दोन कंकणे त्यात गेली. चौथ्या वर्षी येण्याची तिकिटे काढली होती, पण मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली, आणि एप्रिलमध्ये आई गेली.

आजारपण असे नव्हतेच. सकाळी पेज घेतली, आडवी झाली, उठली नाही. ते दिवस कसे होते ते तुम्हाला सांगायला नको. गाड्या बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना विचारणा. अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसे नकोत असा सरकारी नियम. मी मस्कतमध्ये तिसऱ्या मजल्यावर फोन कानाला लावून उभा होतो. फोनमधून पावलांचा आवाज येत होता, कोणीतरी ‘सांभाळान, सांभाळान’ म्हणत होते, मग लाकडे रचल्याचा आवाज. चुलतभावाने अग्नी दिला. तेरा माणसे होती, हे मला नंतर कळले. रोगाचे भय सगळ्यांनाच होते. घरी लहान मुले, म्हातारे आईबाप. तरीही तेराजण आले. त्यातले दोघे माझ्याशी बांधाच्या भांडणावरून सहा वर्षे बोलत नव्हते.

डिसेंबरमध्ये मी एकटा येऊ शकलो. प्रत्येकाच्या घरी गेलो. काय बोलावे कळेना. खर्चाचे विचारले तर सगळे ‘त्यात काय’ म्हणाले. शेवटी वाडीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, ते आज इथे समोर बसले आहेत, नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही, खिशातून एक चिठ्ठी काढली. आठ महिने त्यांनी ती जपून ठेवली होती. लाकडे, तूप, मडके, कापड, सगळे लिहिलेले आणि खाली बेरीज. म्हणाले, ‘‘ह्या दी आणि मोकळो हो. नायतर तुझ्या मनात रवतला.’’ मी तेवढे पैसे दिले. त्यांनी मोजून घेतले. खांदा दिल्याचा कॉलम त्या चिठ्ठीत नव्हता.

तेव्हा, परदेशातल्या देणगीदारांच्या वतीने बोला म्हणून मला उभे केले आहे, त्यातली माझी अडचण ही आहे. भिंतीवरच्या यादीत माझा आकडा बराच वर आहे. त्या तेराजणांपैकी नऊजणांची नावे यादीत फार खाली आहेत आणि दोघांची नाहीतच, कारण त्यांनी चिरे वाहिले, पैसे दिले नाहीत. कमिटीला माझी विनंती आहे की चिरे, वाळू, पाणी ज्यांनी वाहिले त्यांचीही एक यादी करावी. ती लावायला भिंतीवर जागा नसेल तर माझे नाव काढावे, जागा होईल. हे मी रागाने म्हणत नाही. कमिटीने हिशेब फार चोख ठेवला आहे.

दुसरे सांगणे माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना. मुले लहान असतील तर आठ दिवसांसाठी आणू नका. पहिले आठ दिवस ती रडण्यात घालवतात. सोळा दिवस तरी हवेत. आणि म्हातारी माणसे आहेत तोवर आणा. आता २०२१ पासून चिपीला आणि २०२३ पासून मोपाला विमाने उतरतात, पूर्वीपेक्षा वाट सोपी झाली आहे. वाट सोपी झाली आणि घराला कुलूप लागले, अशी आमची गत.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही चौघे आलो तेव्हा माकडांनी अर्धी कौले फोडली होती आणि माजघरात ओल उतरली होती. कुलूप मी उघडले. मुलगा, तेव्हा दहा वर्षांचा, उंबऱ्यावर थांबला आणि म्हणाला, ‘‘पप्पा, आधी पायार पाणी घाला.’’ घालणारे कोणी नव्हते. मुलीने विहिरीवरून कळशी आणली आणि आम्हा तिघांच्या पायांवर पाणी घातले, मग स्वतःच्या.

मुलगी आज इथे नाही. ती कॉलेजला जाण्याच्या वयाची झाली, परीक्षा आहे. खरे सांगायचे तर परीक्षा नसती तरी ती आली असती की नाही, मला ठाऊक नाही. तिच्या मैत्रिणी तिकडे आहेत, तिचे जग तिकडे आहे. मी जबरदस्ती केली नाही. तिच्या त्या शब्दांच्या वहीत मात्र परवा निघताना मी डोकावलो, तर शेवटच्या पानावर नवीन शाईने चार-पाच शब्द लिहिलेले होते. मुलगा आला आहे. तो मघापासून या मंडपात नाही, कारण तो मागे पोरांबरोबर पत्रावळी मांडतो आहे, आणि मघाशी मला सांगून गेला की तुमची मालवणी हल्ली बिघडली आहे.

पंगत खोळंबली आहे, भात निवेल. मी आपली रजा घेतो.